लांबी

गाडी तयार झाल्यावर ती पाहायला जे कोणी आले, त्यांतल्या बहुतेकांनी आधी बॉनेटवरून हात फिरवला आणि मग, थोडा संकोच करून, एकूण किती गेले असे विचारले. अक्कांनी यांतले काहीच केले नाही. इचलकरंजीहून एसटीने आलेल्या अक्कांनी गॅरेजच्या दाराशी चपला काढल्या. खाली ऑइल सांडलेले आहे, चपला राहू द्या, असे मी म्हणेपर्यंत त्या आत पोहोचल्याही होत्या. सरळ गाडीच्या मागे जाऊन त्यांनी विचारले, "हे दार उघडता का जरा?" मी मागचे दार वर उचलून धरले. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट धरला, कमरेत वाकून डोके आणि खांदे आत घातले आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मग जरा थांबून आणखी एक. बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा सारखा केला, माझ्याकडे न पाहता दाराच्या कडेवरून एकदा बोट फिरवले आणि म्हणाल्या, "चांगली केलीय हो." नंतर घरात चहा झाला, आमच्या सौ.शी ओल्या हळदीच्या लोणच्याविषयी बोलणे झाले, आणि चारच्या गाडीने त्या परत गेल्या.

आमच्या भागात "चांगली केलीय हो" हे वाक्य फसलेल्या पुरणपोळीलाही म्हणतात.

त्या दोन श्वासांनी मला पुढचे कित्येक महिने छळले. अक्का तिथे काय शोधत होत्या याविषयी माझ्या मनात शंकाच नव्हती. जे शोधत होत्या ते त्यांना मिळाले नाही, याचे कारणही मला ठाऊक होते. ते मीच, माझ्या या दोन हातांनी, तीन दिवस खपून, धुण्याचा सोडा घालून गटारात सोडले होते.

ही गाडी अक्कांच्या वडिलांची. सांगलीच्या गणपती पेठेत त्यांची हळदीची अडत होती आणि हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, त्यांचा माल असे. गाडी १९६६ सालची, फियाट ११०० डी. त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि ज्याचा नंबर लागेल तो मिळेल त्या रंगाची गाडी घेऊन पेढे वाटत घरी येई. अक्कांच्या वडिलांनी मात्र कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली कोरी गाडी घरी आणण्याआधी मुंबईतल्या एका बॉडी बांधणाऱ्याकडे नेली आणि तिचा मागचा भाग कापून घेतला. अडत्याला डिकीचा काय उपयोग? त्यांना नमुन्याच्या हळदीची पोती, वजनकाटा, हिशेबाच्या वह्या आणि सुट्टीच्या दिवशी पाच मुले एकाच गाडीत बसवायची होती. फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याची पेटी हीच तिची हाडे असतात. अशा गाडीचा टप कापला की ती झाकण काढलेल्या पत्र्याच्या डब्यासारखी लवायला लागते. म्हणून त्या कारागिराने तळाला दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल वेल्ड केले, मागच्या चाकांवर सागाची चौकट उभी केली, तिच्यावर पत्रा मढवला, टप मागेपर्यंत ओढला आणि वर उघडणारे एकच मोठे दार बसवले. वजन वाढणार म्हणून मागच्या पाट्यांत, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांत, एक पाटा जास्तीचा घातला. हे सगळे नकाशाशिवाय, डोळ्याच्या अंदाजाने झाले असावे, कारण मागची डावी काच उजव्या काचेपेक्षा बोटभर लांब आहे. हे लक्षात यायला मला आठ महिने लागले, आणि लक्षात आल्यापासून त्या बाजूने पाहिले की मला काचेशिवाय काही दिसत नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. वखारीत ठोकळ्यांवर वर्षानुवर्षे उभी असलेली ही गाडी टपासकट बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण पेठेत गाळ उपसायला गेलो होतो. त्या दिवसांतला वास ज्याने घेतला आहे त्याला तो सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. वखारीच्या कोपऱ्यात ती उभी होती. काचांच्या आतून चिखलाची रेघ सरळ आखल्यासारखी गेली होती आणि स्टिअरिंगच्या चाकाला एक प्लास्टिकची पिशवी अडकली होती. घरच्यांनी ती भंगारात द्यायचे ठरवले होते. "गाळ काढायला गेले आणि गाडीचे कागद घेऊन आले," असे आमची सौ. आजही पाहुण्यांना सांगते. ते अगदी खरे नाही. मध्ये दीड महिना गेला होता. भंगारवाल्याने सांगितलेल्या किमतीवर थोडे ठेवून मी ती घेतली. टेम्पोवर चढवताना तिच्या पोटातून पाणी गळत होते, ते टेम्पो विश्रामबागेत पोहोचला तरी थांबले नव्हते.

मी वालचंदचा विद्यार्थी. ज्या शेठ वालचंद हिराचंदांचे नाव आमच्या महाविद्यालयाला आहे, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि त्याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होत. तेव्हा या गाडीशी आपले भावकीचे नाते आहे, असे मी सौ.ला सांगून पाहिले. तिने तिची स्कूटर कुठे ठेवायची एवढेच विचारले. यांत्रिकीची पदवी घेऊन मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे खरेदी विभागात काढली आहेत. बेअरिंगचा भाव मला झोपेतही सांगता येई, पण ते स्वतः बसवायला हातात घेतले ते निवृत्तीनंतर. घराच्या बाजूची शेड आठ फूट रुंद. गाडी आत गेली की एका बाजूने जाताना श्वास आत ओढून जावे लागे. अशा ठिकाणी, टाळेबंदीच्या उन्हाळ्यात, गाडी चार घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवली, चाके काढली आणि मी पान्ह्यांचा नवा कोरा संच उघडला. पहिल्याच दिवशी दोन नटांच्या कडा गोल करून ठेवल्या.

सुदैवाने टाळेबंदी उठल्यावर मिरजेचे चाचा मिळाले. चाचांनी पंचवीसेक वर्षे फियाटच दुरुस्त केल्या. त्यांच्या हयातीतच त्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या तेव्हा त्यांनीही गॅरेज मुलाकडे दिले. त्यांचे आजोळ सतारमेकर गल्लीतले. तंबोऱ्याची जवारी लावणारा माणूस तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवतो, ऐकतो, पुन्हा केसभर सरकवतो, तसे चाचा कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेऱ्याने फिरवून मान कलती करून थांबत. तंबोऱ्यात तारांखालची पट्टीही घोडीच, आणि गाडीखालचा टेकूही घोडीच, हे मी त्यांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही सरकली तर मानसाचं वाटोळंच की, सर."

रंग उतरवायला घेतला तेव्हा खरे काम किती आहे ते कळले. सगळ्यात वर पांढरा रंग होता, त्याखाली करवंदी, त्याखाली मोरपंखी आणि चौकटीच्या आतल्या अंगाला, जिथे नंतर कोणाचा ब्रश पोहोचला नव्हता तिथे, फिकट राखाडी. प्रत्येक रंगाच्या मध्ये लांबी. पेंटरच्या भाषेत पुट्टीला लांबी म्हणतात, हे ज्यांनी घरचे फर्निचर रंगवून घेतले आहे त्यांना माहीत असेल. या गाडीला काही ठिकाणी अर्धा इंच जाड लांबी भरलेली होती. एका मुंबईकर कारागिराने कापून लांब केलेली गाडी पुढच्या पेंटरांनी लांबी भरून आणखी लांब केली, हा विनोद मी चाचांना सांगितला. ते हसले नाहीत, कारण त्या पेंटरांपैकी एक त्यांचा मेहुणा होता. छिन्नीने लांबीचे पापुद्रे उडवावेत आणि खाली काय निघेल ते पाहावे, यात एक वाईट चटक होती. मागच्या चाकाच्या कमानीखाली तेलाच्या डब्याचा पत्रा रिवेटने ठोकलेला निघाला, त्यावरचे अर्धे अक्षर अजून वाचता येत होते. टपाच्या जोडावर पितळी वेल्डिंगचा ओबडधोबड थर होता. दाराखालच्या पोकळ पत्र्यावर हातोडी मारली तर त्याच्या गंजलेल्या भोकांतून महापुराचा सुका गाळ, फाटक्या पिशवीतून पीठ सांडावे तसा, कितीतरी वेळ खाली येत राहिला. मी तो झाडून बादलीत भरला आणि सौ.ने तो तुळशीला घातला. कृष्णाकाठची माती आहे, वाया कशाला घालवायची, असे तिचे म्हणणे.

हळद सापडली ती याच सुमारास. मागच्या बाजूला बसायला आणि पोती ठेवायला सागाच्या फळ्यांची जमीन होती, त्यावर नमदा आणि त्यावर रेक्झिन. नमदा उचलला, तर फळ्यांच्या सगळ्या फटी, खिळ्यांची भोके आणि चौकटीचे सांधे पिवळेजर्द होते. पाच-सात दिवस पाण्यात राहूनही ती गेली नव्हती. हळदीचा रंग नुसत्या पाण्याला दाद देत नाही, हे आपल्या बायकांना आणि लग्नातल्या धोतरांना चांगले ठाऊक आहे. नखाने खरवडली तर बारीक भुकटी निघाली आणि तिला वास होता. ताज्या हळदीसारखा तिखट नव्हे. जुन्या लाकडी पेटीत ठेवलेल्या मुंडावळ्यांना येतो तसा, कोरडा आणि किंचित मातकट. त्या वासात पुराच्या पाण्याचा वासही मिसळला होता, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे, कारण नंतरच्या आठवणीत मी तो सोयीस्करपणे वगळत आलो.

लाकूड टिकवायचे तर आधी ते स्वच्छ करून पूर्ण वाळवणे आणि मग फटी बंद करणे भाग होते. मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घातला आणि नारळाच्या काथ्याने घासायला सुरुवात केली. क्षार लागला की हळद लाल होते. कुंकू असेच तर करतात. ही गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती, पण माझ्या हाताखालून तांबडेलाल ओघळ निघून शेडच्या फरशीवरून दाराकडे वाहायला लागले तेव्हा मी दचकून हात मागे घेतला. शेजारचा सातवीतला मुलगा, जो रोज पान्हे मोजून ठेवायला येई, दारात उभा राहून म्हणाला, "काका, गाडीला रक्त येतंय." मी त्याला हळदीचे आणि क्षाराचे रसायन समजावून सांगितले. समजावताना मला बरेही वाटले. तिसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ निघाले. फळ्या उन्हात वाळल्या, फटी बंद झाल्या, त्यांवर व्हार्निशचे तीन हात बसले.

अक्कांनी डोके आत घातले तेव्हा त्यांना आला तो व्हार्निशचा आणि नव्या रबराचा वास.

दरम्यान "मूळ" या शब्दाने मला बराच त्रास दिला. जुन्या गाड्यांचे एक जाणकार पुण्याहून कोल्हापूरला जाता जाता मुद्दाम वाट वाकडी करून आले होते. त्यांनी बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटत अर्धा तास घालवला आणि बाहेर येऊन निकाल दिला, की ही गाडी मुळात सेडान आहे, पुढे जे झाले ती मोडतोड, आणि खरे पुनरुज्जीवन करायचे तर एखाद्या भंगारातल्या फियाटचा मागचा भाग आणून हिला पुन्हा सेडान करावे. माणूस अभ्यासू होता आणि त्याच्या म्हणण्यात काही खोट नव्हती. पण ही गाडी सेडान म्हणून किती दिवस जगली? फार तर कुर्ला ते मुंबईतला तो कारखाना, एवढा रस्ता. बाकीची पन्नासहून अधिक वर्षे ती ज्या रूपात होती त्याला मोडतोड म्हणायचे, तर मग माझ्यासारख्या खरेदी विभागात निवृत्त झालेल्या यांत्रिकी अभियंत्यालाही मूळ रूपात परत न्यावे लागेल. नियमांतही हाच पेच आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने वेगळी तरतूद केली. गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, मात्र ती मूळ रूपात हवी, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको, आणि नोंदणी झाल्यावर ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे अशा ठरावीक कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आमच्या गाडीच्या पिवळ्या पडलेल्या नोंदणीपुस्तकात, बदललेल्या बॉडीची नोंद त्या काळच्या शाईत आणि शिक्क्यासह आहे. म्हणजे सरकारदरबारी ती पहिल्यापासून स्टेशन वॅगनच. तरीही मी त्या वाटेने गेलो नाही. मला गाडी मंडईत न्यायची होती. म्हणून थकलेला कर भरला, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि नेहमीच्या पद्धतीने पाच वर्षांचे नूतनीकरण करून घेतले. छाप घेताना आकडे एकेक करून कागदावर उमटत गेले तेव्हा चाचा म्हणाले, "नाडी लागली."

ज्याला आपण मूळ मूळ म्हणून जपतो त्यातले काही जपण्यासारखे नसते, हे ब्रेकने शिकवले. जुन्या फियाटला ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग. चारांपैकी एका चाकाशी गळती झाली की चारही चाके हातची जातात. ते मूळपण मला नको होते. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवला. डायनामो काढून अल्टरनेटर घातला, कारण सिग्नलला थांबल्यावर दिवे मंद होऊन गाडी पेंगायला लागते ही आठवणीत छान वाटणारी गोष्ट मिरजेच्या रस्त्यावर रात्री छान वाटत नाही. मधल्या खांबाला आतून जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करून सीटबेल्ट लावले. गिअर मात्र स्टिअरिंगच्या दांड्यावरच ठेवला. तो खाली घेण्याचे साहित्य मिळत होते, पुढे दोन सुट्ट्या सीटही झाल्या असत्या. पण पुढचा सलग बाक गेला असता, आणि त्या बाकावर मधोमध बसलेल्या पोराच्या गुडघ्याला लागू न देता तिसरा गिअर टाकणे ही ज्यांनी पाहिलेली कसरत आहे त्यांना माझे म्हणणे पटेल. सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या भंगार बाजाराच्या चार खेपा झाल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी, म्हणजे याच फियाटच्या धाकट्या बहिणी, मोडीत निघत होत्या तोवर किंगपिन, हब, दिव्यांच्या काचा ढिगाने मिळत. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली आणि त्यानंतरच्या खेपेला त्याच दुकानदाराने मला एका दाराच्या कडीसाठी बसवून चहा पाजला. चहा मिळाला म्हणजे भाव वाढला, एवढे खरेदी विभागात मी शिकलो आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पेट्रोलने. फियाट चालवलेल्या कोणालाही खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि इंजिनाशेजारच्या पेट्रोलच्या पंपावर घातलेली ओली फडकी आठवत असतील. हा पंप इंजिनलाच टेकून असतो. इंजिन तापले की नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि पंपाच्या पडद्याला वाफ ओढता येत नाही. गाडी कुरकुरते आणि बंद पडते. आता बाजारात मिळते ते पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले, म्हणजे आणखी लवकर उकळणारे. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही आणि हवेतला ओलावा ओढून घेते. पहिल्या उन्हाळ्यात पंपाचा पडदा फुगून पापडासारखा झाला आणि नळीचा आतला थर सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकला. हे इथेनॉल बहुधा आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचे. माझ्या भावाचा ऊस कारखान्याला जातो, तेव्हा आमच्याच घरच्या रसाने आमच्याच गाडीचे आतडे सोलले, असे त्याला फोन करून सांगितले. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या, पंप आणि इंजिन यांच्यामध्ये जाड पॅकिंग सरकवले. तरीही डिकी नसलेल्या आमच्या या गाडीत पाण्याची बाटली आणि एक फडके कायम असते.

राहिले पाटे. मागचा जास्तीचा पाटा उघडल्यावर दिसले, की तो फियाटचा नव्हताच. कोणत्यातरी जीपचा पाटा कापून, तापवून, वाकवून बसवला होता. पोती नसताना त्या पाट्यामुळे गाडीचा मागचा भाग प्रत्येक खड्ड्यात उडे आणि वळणावर शेपूट हलवल्यासारखा झोके खाई. मी तो काढायचे म्हणत होतो. चाचांनी हात धरला. "सर, त्या पाट्याला हात लावू नगा. ह्यो काढला तर शेपूट बसंल, ठेवला तर उडंल. उडंल ते बरं." मिरजेत भट्टीवर पाटे तापवून त्यांचा बाक परत आणला, मध्ये ग्रीस भरले, बुश बदलले आणि जीपचा पाटा होता तिथेच ठेवला. माझ्या मनाविरुद्ध राहिलेली या गाडीतली ती एकच गोष्ट असावी.

अक्कांची पुन्हा गाठ पडली ती यंदाच्या वैशाखात, त्यांच्या भाच्याच्या लग्नात. जेवणे झाली होती, मांडवात पंख्यांचा नुसता आवाज होता. मी विडा हातात घेऊन त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि इतके महिने साठवलेले बोलून टाकले. फळ्या का धुवाव्या लागल्या, सोड्याने हळद कशी लाल झाली, ती थोडी तरी ठेवायला हवी होती असे आता कसे वाटते, आणि त्या दिवशी त्यांना वडिलांचा वास मिळाला नाही याचे मला किती वाईट वाटते. अक्कांनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांना हसू आले, आणि ते आवरायला त्यांना पदर तोंडाला लावावा लागला.

"हळद?" त्या म्हणाल्या. "अहो, आमच्या घरात चहालासुद्धा हळदीचा वास यायचा. शाळेत पोरी मला जवळ बसू द्यायच्या नाहीत. तो वास कशाला शोधीन मी? मला त्या गाडीत मळमळायचं. दर मे महिन्यात पाचगणीला जायचो, पसरणीचा घाट लागला की मी आडवी. पाच जणांत मी धाकटी, म्हणून मागं फळीवर, तोंड मागं करून. हातात लिंबू देऊन बसवायचे. त्या दिवशी मी बघत होते, अजून तसंच होतंय का."

"मग?"

"नाही झालं. म्हणूनच म्हटलं ना, चांगली केलीय."

त्यांना लहानपणी का मळमळे, हे मला तिथेच, विडा चघळता चघळता उलगडले. लांब, उभ्या शेपटीची गाडी चालत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो. मागच्या दाराचे रबर वाळलेले असेल किंवा काच खाली असेल, तर सायलेन्सरचा धूर मागच्या मागे आत ओढला जातो, आणि मागे फळीवर बसलेले मूल तो आधी घेते. मी दाराचे सगळे रबर नवे घातले होते आणि सायलेन्सरची नळी चार इंच लांब केली होती, ती केवळ पत्रा काळा होऊ नये म्हणून. हे मी अक्कांना मोठ्या उत्साहाने सांगितले. रबर, दाब, धूर, सगळे त्यांनी समजून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे आता मला बसता येईल म्हणायचं."

पुढच्या रविवारी त्या आल्या. पिशवीतून स्वतःचे लिंबू घेऊन आल्या होत्या. पुढे बसा म्हटले तर नको म्हणाल्या. मागच्या सीटवर बसल्या, बेल्ट लावून घेतला, काच खाली केली. आम्ही हरिपूरला निघालो. त्यांना संगमेश्वराचे दर्शन घ्यायचे होते आणि जिथे पेवे होती ती जागाही पाहायची होती. लहानपणी पेव उघडताना त्या वडिलांबरोबर जात. तोंड उघडून बराच वेळ हवा खेळू दिल्याशिवाय माणूस आत उतरत नसे आणि तोवर पोरांनी काठापासून दहा हात लांब उभे राहायचे, हे त्या मागून सांगत होत्या. गाडी छान चालली होती. धुराचा मागमूस नव्हता, तापमानाची सुई जागेवर होती, ब्रेकला पाय ठेवला की सरळ थांबत होती. रस्त्यावरच्या एकेका खड्ड्यात जीपचा तो पाटा मागून उडवत होता आणि वळणावर शेपूट आपला झोका घेत होते. हरिपूरच्या अलीकडे मागचे बोलणे थांबल्याचे माझ्या ध्यानात आले. आरशात पाहिले तर अक्कांनी लिंबू नाकाशी धरले होते.

"थांबवा जरा," त्या म्हणाल्या.

मी गाडी चिंचेच्या सावलीला घेतली. अक्का उतरल्या, मागच्या चाकावर हात टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. चेहऱ्याचा रंग परत आला तेव्हा त्यांनी त्या टपावर, तो जिथे कापून लांब केला आहे तिथे, दोनदा थोपटल्यासारखे केले.

"हीच हो ती," त्या म्हणाल्या.

परतीला त्यांनी रिक्षा केली. मी तिच्या मागून गाडी हळूहळू चालवत आलो.